‘शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के’ हे प्रोजेक्ट मॅनेजरांना शिकवणं थांबवा

प्रोजेक्ट मॅनेजरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र सतत फिरत असतं. एका गोलाचे तीन तुकडे: देहबोली 55 टक्के, आवाज 38 टक्के, शब्द 7 टक्के. खाली सल्ले. मेल लिहीत बसू नका, कॉल लावा. डोळ्यांत बघा, समोरचा खरं बोलतोय का ते कळेल. ताठ बसा, ठाम बोला, टीम मागे येईल. सॉफ्ट स्किल्सच्या प्रशिक्षणात हे आकडे मी वहीत उतरवून घेतले होते आणि पुढे नव्या टीम लीडना शिकवलेही. या सल्ल्याने काम बिघडतं आणि माणसांवर अन्याय होतो, हे मी बघितलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“हे शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झालंय.”

हे आकडे आले लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून. पहिल्यात ‘थँक्स’, ‘डोन्ट’, ‘मेबी’ असे नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. ऐकणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगायचं होतं, की बोलणारीच्या मनात आपुलकी आहे की नावड. दुसऱ्यात शब्द एकच, ‘मेबी’, तोही टेपवर, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. म्हणजे ‘देहबोली 55 टक्के’ म्हणून जे सांगतात तो फोटोतला चेहरा आहे. हात, बसणं, उभं राहणं यांचा त्यात संबंधच नाही. शब्द, आवाज आणि चेहरा हे तिन्ही एका प्रयोगात एकत्र तपासलेले नाहीत. दोन प्रयोगांचे निष्कर्ष नंतर जोडले आणि ते सूत्र तयार झालं.

त्या प्रयोगांत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. अकरा वाजता आलेल्याला कोणी “या, फार लवकर आलात!” म्हटलं तर तो शब्दांवर जात नाही, सुरावर जातो. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा मनातली भावना आपण सुरावरून ओळखतो. प्रयोग सांगतो ते एवढंच. बोलणारा स्वतःच्या भावना किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल तर ही समीकरणं लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. आमचा दिवस जातो रिलीजची तारीख, बजेट आणि कोणतं काम कोणाकडे, यात.

“मेल कशाला? कॉलवर सगळं कळतं.”

नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वीची शुक्रवारची संध्याकाळ. परदेशातला ग्राहक कॉलवर, कॅमेरे चालू. आमच्या डेव्हलपरला विचारलं, “रिपोर्टचं काय?” तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, “झालंय, सर.” मी ग्राहकाला “डन” सांगितलं. कॉल हसतखेळत संपला. सोमवारी ग्राहकाच्या खऱ्या डेटावर रिपोर्ट चालेना. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ‘झालंय’ म्हणजे कोड लिहून झाला. माझ्या लेखी टेस्टिंग झालं. ग्राहकाच्या लेखी वापरायला तयार. चेहरा, आवाज, सूर, सगळं जुळत होतं. जुळत नव्हता तो एक शब्द.

तेव्हापासून आमच्याकडे नुसतं ‘झालं’ चालत नाही. ‘लिहून झालं’, ‘तपासून झालं’, ‘ग्राहकाने बघितलं’ यांपैकी काय ते बोलायचं. ‘बघतो’ आणि ‘होऊन जाईल’ यांच्यापुढे तारीख हवीच. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ पुष्कळदा ‘नाही’ असतो, आणि तो ऐकून घेण्याइतका मोकळेपणा मॅनेजरने ठेवायला हवा.

‘नासा’चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळापाशी हरवलं. एका गटाच्या सॉफ्टवेअरमधून आकडे पाउंड-सेकंद या एककात येत होते, दुसरा गट ते न्यूटन-सेकंद या वेगळ्या एककातले समजून वापरत होता. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. मंगळाकडे जाताना यानाचा मार्ग अपेक्षेप्रमाणे येत नाही, हे नेव्हिगेशनच्या लोकांना जाणवत होतं, पण ती शंका रीतसर नोंदली जाऊन वरपर्यंत पोचली नाही. गटांमधला अपुरा संवाद हे चौकशी मंडळाने नोंदवलेल्या कारणांपैकी एक होतं. एकक कोणतं, हे देहबोलीतून कसं कळणार?

“डोळ्यांत बघा, खरं-खोटं कळेल.”

चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये खरं-खोटं ओळखण्यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. नुसतं बघून-ऐकून खरं की खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवूनही 50 टक्के जमतं.

माझ्या टीममध्ये लातूरकडची एक मुलगी आहे. कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज सांगताना ती टेबलाकडे बघते, आवाज बारीक होतो. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, अशा घरात ती वाढली आहे. तिच्या पहिल्या अप्रेझलमध्ये मी लिहिलं, “आत्मविश्वास कमी.” वर्षअखेरीला सगळ्यांचे अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी-शेजारी मांडले, तर सगळ्यात कमी फरक तिचा होता. छाती पुढे काढून “दोन दिवसांत देतो” म्हणणाऱ्यांचे आठ-आठ दिवस गेले होते. तो शेरा मी नंतर बदलून घेतला, पण त्या वर्षाची तिची पगारवाढ कमी झाली ती झालीच.

“ताठ बसा, ठाम बोला, टीम मागे येईल.”

यावर फार लिहिण्यासारखं नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला तुम्ही पहिल्यांदा काय म्हणता, त्यावर दुसरी बातमी तुमच्यापर्यंत येणार की नाही ते ठरतं. “आधी का नाही सांगितलंस?” आणि “बरं झालं आज सांगितलंस, आता काय काय करता येईल?” ही दोन वाक्यं तुम्ही वाकून बसून म्हणा नाहीतर ताठ बसून.

आवाज आणि चेहरा बिनकामाचे नाहीत. कोणाची चूक दाखवायची असेल, कोणाला प्रोजेक्टवरून काढायचं असेल, तर मेल पाठवू नका, समोर बसून बोला. पण बोलून झाल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, काय ठरायचं राहिलं. आणि खाली, “माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळवा.” शेवटची ओळ गाळू नका, दुरुस्त्या तिच्यामुळेच येतात. मागच्या आठवड्यात अशाच मेलवर त्या लातूरच्या मुलीचं उत्तर आलं: “सर, दुसऱ्या ओळीत सोमवार लिहिलंय. मी मंगळवार म्हटलं होतं.”