माट्टी आहे का?

आज सकाळी आईला घेऊन एका वनमहोत्सवाला गेलो होतो. कोणाचा, कुठे ते लिहीत नाही, उगाच उद्या फोन यायचा. समई पेटवली, भाषणं झाली, प्रत्येक भाषणात 'हिरवा गोवा' निदान तीनदा. मग रोपं वाटायला घेतली. रांगेत उभं राहून टेबलापर्यंत पोचलो तर समोर फॉक्सटेल पाम. सगळे फॉक्सटेल पामच. वाटणाऱ्या पोराला विचारलं, "माट्टी आहे का?"

तो म्हणाला, "माती आमी दिना, घरचीच घालात."

हसा. मीही तिथे हसलो. पण गाडी सुरू करेपर्यंत हसू विरलं आणि डोकं तापायला लागलं. अरे, माट्टी म्हणजे ऐनाचं झाड, गोव्याचा राज्यवृक्ष आहे! मागे एवढा मोठा बॅनर, त्यावर कोणाकोणाचे फोटो, आणि खाली टेबलावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा पाम. त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी दाखवलीच नसेल. दोष मागवणाऱ्यांचा आहे.

मला माट्टी बाबांनी दाखवली. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही दोघं घरामागच्या डोंगरावर जायचो, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांचं सामान आणायला. बाबांच्या कमरेला कोयता, माझ्या खांद्यावर पोतं. कांगलां, कवंडळां, शेरवडाची पांढरी पानं, आणि माट्टीचे हिरवे घोस. माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाळलेली; त्या भेगांत पाय रोवून बाबा वर चढायचे आणि मी खाली वर बघत उभा. एका झाडाचे दोनच घोस काढायचे, तिसरा कधी नाही. "बाकीचे झाडाक जाय," म्हणायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. मला वाटायचं झाड ते खातं.

तो डोंगर आता नाही. म्हणजे आहे, पण अर्धा खाणीत गेला आणि उरलेल्यावर आकेशिया आहे. डिचोलीकडच्यांना सांगायला नको. खाणीच्या मातीच्या ढिगांवर दुसरं काही जगत नव्हतं, आकेशिया जगला आणि माती धरून राहिला, हे कबूल. पण एकदा त्याच्याखाली जाऊन बघा. खाली पातेरा पडलेला, चामड्यासारखा, लवकर कुजत नाही. त्यातून काही उगवताना दिसत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. आणि आपण लांबून बघून म्हणतो, वा, काय हिरवंगार!

मला सगळ्यात जास्त राग या हिरवेपणाचा येतो. झाड म्हणजे नुसता रंग आहे का? स्वयंपाकघरामागे तेफळाचं झाड असतं, आपण बांगड्याच्या हुमणात चार तेफळं टाकतो आणि विसरतो. त्याच झाडाची पानं मलबार बँडेड पीकॉकचा सुरवंट खातो. ते फुलपाखरू जगात फक्त पश्चिम घाटात आणि त्याच्या आसपास आहे, आणि त्याची अळी आपल्या हुमणाच्या झाडावर वाढते! सापसंदीचा वेल नसेल तर सदर्न बर्डविंग फुलपाखराने अंडी कुठे घालायची? वड, पिंपळ, रुमड फळले नाहीत तर माडगरुडाने, म्हणजे धनेश पक्ष्याने काय खायचं, फॉक्सटेल पामची शोभा?

आता कोणीतरी कमेंटमध्ये काजू काढणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. मिरची पण, अननस पण, पेरू पण. काजूची हुर्राक मीही पितो. ठीक आहे. पण काजूने चारशे वर्षं इथे काढली, आपल्याला पोसलं. फॉक्सटेल पाम पोसतो फक्त नर्सरीवाल्याला.

आणि दुसरी एक गोष्ट, जी ऐकून माझे निसर्गवाले मित्रही चिडतात. दिसली मोकळी जागा की मारला खड्डा, हेही बंद करा. आपले सडे ओसाड नाहीत. त्या जांभ्या दगडावर पावसाळ्यात बोटभर उंचीची फुलं येतात, किडे खाणाऱ्या सीतेच्या आसवांसकट. तिथे माट्टीसुद्धा नको. तिथे काही लावू नका, तेच लावणं. लावायचंच तर घराच्या कडेला, कुळागराच्या वईला, म्हणजे बागेच्या कुंपणाला, शाळेच्या आवारात लावा. ओवळ, सुरंगी, करमळ, भिरंड, आमाडो. जागा लहान असेल तर कुडा, करवंद, लिंगूड, नाहीतर कढीपत्ता. त्याच्यावरही फुलपाखरं येतात. नावं आपल्याच आज्यांना पाठ होती, मी शोध लावलेला नाही.

गेल्या वर्षी चवथीला मी माट्टीचा घोस बाजारात विकत घेतला. रबरबँड लावलेली चार-पाच सुकट फळं, पन्नास रुपये. घासाघीस केली नाही, विकणारी बाई बिचारी कुठून कुठून हिंडून आणते. पण माटोळीला बांधताना हात थांबला. गणपतीच्या डोक्यावर आपण वर्षातून एकदा अख्खं रान टांगतो, त्याच्या स्पर्धा घेतो, बक्षिसं देतो. आणि ते रान येतं कुठून, हे विचारत नाही.

बाबा गेल्याला चार वर्षं झाली. यंदा मार्चमध्ये मावशीच्या गावी एक मोठी माट्टी सापडली, खाली वाळलेली पंखांची फळं पडलेली. तीस-पस्तीस आणली. पंख काढून, भिजवून पिशव्यांत लावली. रोज बघायचो. काही नाही. मे संपत आला तेव्हा एकात हिरवं टोक दिसलं. एकूण चार उगवली. तिसाला चार. तेव्हा कळलं, बाबा तिसरा घोस का काढत नव्हते.

लिहायला बसलो तेव्हा खूप बोलायचं होतं त्या लोकांना. आता राग थोडा उतरला आहे. मघाशी तिथून मिळालेला पाम मी गेटबाहेर ठेवला होता. वर येऊन बघतो तर आईने त्याला सोप्याच्या कोपऱ्यातल्या कुंडीत लावून पाणीही घातलं होतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हणाली, "झाडान तुजें कितें केलां?"

काही नाही केलं. राहू दे कुंडीत.

चारांतली दोन रोपं मी मावशीच्या बागायतीत लावणार आहे. दोन उरतात. ज्याच्याकडे खरोखर जागा आहे त्याने सांगावं. कुंडीत नाही, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून नाही, वरून विजेची तार जात असेल तर तिथेही नाही. हे झाड घरापेक्षा उंच होणार. पाऊस चांगला धरला आहे, या आठवड्यात न्या. येताना पोतं आणा, पिशव्या ओल्या आहेत, गाडी खराब होईल.