खुर्चीत तासभर बसतात, मग शून्य मार्क कसे?

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली. बाबांना पॅरालिसिस होऊन सहा आठवडे झाले, ते रोज तासभर खुर्चीत बसून टीव्ही बघतात आणि तरी फिजिओने ट्रंक इम्पेअरमेंट स्केलवर, म्हणजे बसल्यावर धड किती सांभाळता येतं ते मोजणाऱ्या टेस्टवर, २३ पैकी शून्य दिले, तेही त्यांच्या तोंडावर सांगून, आणि मी लेखात त्याच स्केलचं कौतुक केलंय, म्हणजे आजारी माणसाला नापास करायचा धंदा झाला असं तुम्ही लिहिलंय. तोंडावर शून्य सांगणं चुकलंच, त्यात दुमत नाही.

पण खुर्चीचं बघा ना. खुर्चीला पाठ असते, हात असतात, वर आपण बाजूला उशी खोचतो, म्हणजे तोल खुर्ची सांभाळते. या टेस्टमध्ये पलंगाच्या कडेला बसवतात, मागे टेकायला काही नाही, तळपाय जमिनीवर, दोन्ही हात मांडीवर, आणि पहिलाच प्रश्न १० सेकंद बसता येतं का. नाही आलं की पुढचं काहीच तपासत नाहीत, एकूण मार्क शून्य.

मागच्या पावसाळ्यात एका मावशींना घरी जाऊन बघितलं, डावी बाजू गेलेली. घरचे म्हणाले छान बसतात. बसल्या होत्याही, पण चांगल्या हाताने गादीची कड अशी आवळून धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. म्हटलं मावशी, तो हात जरा मांडीवर ठेवा. तीन म्हणेपर्यंत त्या डावीकडे कलल्या, मी धरलं, आणि त्यांना आपण पडतोय हे कळलंच नव्हतं, मला विचारतात काय झालं म्हणून! गादी कापसाची, मऊ, आणि पलंग उंच, पाय लोंबकळत होते. मग लाकडी दिवाणावर बसवून पायाखाली पाट दिला, तेव्हा सात सेकंद बसल्या. माणूस तोच, फक्त बैठक बदलली.

म्हणून तुम्हाला विचारतो, बाबांची टेस्ट एअर बेडवर तर नाही ना झाली? पाय जमिनीला टेकले होते का? नसतील तर तो शून्य मी तरी धरणार नाही.

तुमचा एक मुद्दा मला मान्यच आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता, आता टाकतो. दोन सेकंदात पडणारा आणि नऊ सेकंद बसणारा, दोघांनाही ही स्केल शून्यच देते, मग सुधारणा होत असली तरी दिसत नाही. अशा पेशंटला ट्रंक कंट्रोल टेस्ट लावावी, त्यात लुळ्या कुशीवर वळणं, चांगल्या कुशीवर वळणं, झोपलेलं उठून बसणं आणि ३० सेकंद बसणं, प्रत्येकी २५ मार्क, चादर ओढून किंवा हाताचा आधार घेऊन स्वतःचं स्वतः जमलं तरी १२ मिळतात.

आणि तुम्ही लिहिलंय की सरळ करायला गेलं की बाबा उलट जोर लावतात, हट्ट करतात. ताई, हा हट्ट नसावा, याला पुशर म्हणतात. डोळ्यांना सरळ काय ते बरोबर दिसतं पण शरीराला आपण सरळ असताना कललोय असं वाटतं, म्हणून चांगल्या हाताने ते स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलतात, आणि तुम्ही जितकं ओढाल तितकं जास्त ढकलतील. ओढू नका, लुळा हात धरून तर अजिबात नको, खांदा दुखावतो. समोर दाराची चौकट दाखवा, तिच्याशी जुळवून बसा म्हणा, आणि पाण्याचा पेला चांगल्या बाजूला थोडा लांब धरा म्हणजे ते आपणहून तिकडे वजन टाकतील.

हे सगळं एकटीने करू नका, एक माणूस लुळ्या बाजूला बसलेला हवाच. फिजिओ पुढच्या वेळी आले की कडक दिवाणावर, पाय टेकवून परत बघायला सांगा आणि तुम्ही वहीत तारीख घालून सेकंद लिहा, मार्क नको, नुसते सेकंद. आठवड्याने मला कळवा.