मालक, बसा की!

सोलापुरात संक्रांत म्हणजे शेंगापोळी, नंदीध्वज आणि गड्डा, म्हणजे होम मैदानावरची जत्रा. पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही.

यंदा बारावीतली भाची आली होती. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा गरगर फिरण्याचा, त्यात चक्क मौत का कुआँ! (आमच्या वेळी असलं पुस्तक असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.) होम मैदानावर आकाशपाळण्यापुढे ती अडून बसली. "मामा, चला की. प्रॅक्टिकल होईल." मी पोटातल्या तीन शेंगापोळ्या पुढे केल्या. तेवढ्यात पाळणेवाला म्हणाला, "मालक, बसा की! काय होत नाय." मालक म्हटल्यावर सोलापूरकराला नाही म्हणता येत नाही.

माणसं भरेपर्यंत पाळणा टप्प्याटप्प्याने वर गेला. वरून सिद्धेश्वराचं तळं, दिव्यांच्या माळा... बरं वाटलं. मग खाली इंजिनानं आवाज बदलला.

"मामा, व्यास 16 मीटर धरू, एका फेरीला 10 सेकंद. तुमचं वजन?"

"80," मी डोळे मिटून म्हणालो. मिटलेल्या डोळ्यांनी चार किलो सहज कमी सांगता येतात.

"मग गोल वळवायला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं त्वरण लागतं. वर गेलात की सीट तुम्हाला कमी रेटते, खाली आलात की जास्त. म्हणजे वर तुम्ही 54 किलो, खाली 106."

दर पाच सेकंदांनी 52 किलोंची चढउतार! कुठल्या जिममध्ये जमेल?

"अगं, पण पोट बाहेर फेकलं जातंय, त्याचं काय?"

"बाहेर कुणी फेकत नाही. शरीर सरळ जायला बघतं, पाळणा त्याला आत ओढतो. ते अभिकेंद्री बल. बाहेरचं बल छद्म, म्हणजे नुसतं भासणारं असतं."

हे शेंगापोळ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांचा तोवर गरगट्टा झाला होता.

उतरलो तरी होम मैदान फिरतच होतं. कानाच्या आत नळ्या असतात म्हणे. आपण थांबलो तरी त्यातलं पाणी थांबत नाही. भाची हे समजावत असताना मी खांबाला मिठी मारून उभा होतो.

बायको खालीच थांबलेली. मी म्हटलं, "वर 54 किलोचा झालो होतो, बघितलंस का?"

"वरचं कुठं दिसतंय इथून? खाली यायचा तेवढाच दिसत होतास."