मला दिसलं होतं

सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढं जावं, राग नाही.

आज आमच्या क्लबच्या चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. गेलिक फुटबॉल. शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात हाणामारी झाली. पोरापोरांची झाली असती तर मी दोन ओळीही लिहिल्या नसत्या. मोठ्यांची झाली. आणि दुपारी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज काय, तर "भारी श्मॉझल झाला आज!" त्याखाली हसरे चेहरे, अंगठे, कुणी दंड फुगवून दाखवलेला.

श्मॉझल. इथं आयर्लंडमध्ये टीव्हीवरचे कॉमेंटेटरसुद्धा मैदानातल्या मारामारीला हाच शब्द वापरतात. ऐकायला कसा लाडाचा वाटतो! आपल्याकडं डोकं फुटल्यावर "थोडी बाचाबाची झाली" म्हणतात, त्यातलाच प्रकार. नियमांच्या पुस्तकात याला स्वतंत्र कलम आहे, हाणामारीला हातभार लावणे म्हणून. पण पुस्तक उघडतो कोण? ग्रुपवर श्मॉझल झाला, संपला विषय.

कोल्हापूरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो, कारण दर वेळी विचारता, "हा कसला फुटबॉल रे?" पंधरा-पंधरा जणांचा खेळ. बॉल हातात घेता येतो, पण चार पावलांत टप्पा द्यायचा, नाहीतर बुटाच्या टोकानं उडवून परत हातात घ्यायचा. दांडीवरून गेला तर पॉइंट, जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. खांद्याला खांदा भिडवायला पूर्ण मुभा. आणि पैसा कुणालाच नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला गडीसुद्धा नंतर आपल्या शाळेत, बँकेत नाहीतर शेतावर कामाला जातो. प्रत्येक गावाचा, इथल्या भाषेत पॅरिशचा, आपापला क्लब. आपल्या पेठेची तालीम जशी. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा बघितला तेव्हाच मला ती ईर्षा ओळखीची वाटली.

गोलच्या दोन्ही खांबांशी पांढरा कोट घातलेले अंपायर उभे असतात. पॉइंटला पांढरा झेंडा, गोलला हिरवा. पोरांच्या मॅचला हे कोट आईबापांनाच चढवतात. आज आमच्या बाजूनं मी होतो.

आता ऐका काय झालं. पाहुण्यांचा एक पोरगा, लाल केसांचा, बारकासा, बॉल घेऊन आत शिरला. आमच्या डिफेंडरनं त्याला पाठीत धडक दिली. फाउल. दोघांनी एकमेकांची जर्सी धरली, ओढाओढी केली. तेरा-चौदा वर्षांची पोरं, अर्ध्या मिनिटात सोडून दिलं असतं. तेवढ्यात आमच्याच बाकावरचा एक माणूस, पोरांना शिकवणारा, साइडलाइन ओलांडून धावत आला आणि त्यानं त्या लाल केसांच्या पोराची कॉलर धरून त्याला चिखलात फेकलं. माझ्यापासून दहा पावलांवर. पोराच्या तोंडातला गमशिल्ड उडून पडला. निळा. गेलिक फुटबॉलमध्ये पोरांना २०१३ पासून आणि सगळ्यांनाच २०१४ पासून तो सक्तीचा आहे, दात वाचावेत म्हणून. बाजूनं बापलोक आत घुसले, दोन्ही बाक रिकामे झाले आणि पुढची दोन मिनिटं नुसती झुंबड.

रेफ्री किती वर्षांचा होता माहितीये? सतरा. पहिलाच सीझन. शिट्टीवर शिट्टी वाजवत होता बिचारा, कुणी ऐकत नव्हतं. सगळं थांबल्यावर वही काढून माझ्याकडं आला. हात थरथरत होता, पेनचं टोपण निघेना. विचारलं, "त्या पोराला कुणी फेकलं, तुम्ही बघितलं का?"

मी म्हणालो, "माझं लक्ष बॉलकडं होतं."

त्यानं मान डोलावली आणि त्या दोन पोरांना पिवळं कार्ड दाखवलं. मोठ्यांपैकी कुणालाच काही नाही.

यावर मला काय ऐकवणार हे पाठ आहे. रक्त तापतं, खेळच अंगाचा आहे, पूर्वीपासून असंच. पूर्वीपासून आहे हे खरंच. १९८३ ची ऑल-आयर्लंड फायनल, डब्लिन विरुद्ध गॉलवे. चार जणांना बाहेर काढलं, त्यातले तीन डब्लिनचे. डब्लिन बारा गड्यांनिशी खेळून दोन पॉइंटनी जिंकले. आणि लोकांनी त्यांना नाव काय दिलं? बारा प्रेषित! येशूचे शिष्य! १९९६ मध्ये मीथ आणि मेयोची फायनल बरोबरीत सुटली, ती परत खेळवली, तर सुरुवातीलाच अर्धं मैदान एकमेकांच्या अंगावर. घुसले किती आणि बाहेर गेले किती? दोन. दोन्हीकडचा एकेक. बाकीचे खेळत राहिले. पबमध्ये आजही त्याचे किस्से रंगवून सांगतात, आणि त्याच टेबलाशी बसलेलं बारा वर्षांचं पोर ते ऐकतं.

आणि २०२२. हे मी स्वतः क्रोक पार्कवर बघितलंय, पोरगा शेजारी होता. अर्मा विरुद्ध गॉलवे, उपांत्यपूर्व फेरी. वेळ संपली, बरोबरी, एक्स्ट्रा टाइम व्हायचा होता. खेळाडू आत जाताना बोगद्याच्या तोंडाशी जुंपली. गॉलवेच्या डेमियन कोमरच्या डोळ्यात बोटं घातली गेली. बोटं घालणारा त्या दिवशी खेळणाऱ्यांत नव्हताच! संघातलाच, पण मॅचच्या यादीत नसलेला. त्याला चोवीस आठवड्यांची बंदी झाली. चोवीस आठवडे, माणसाच्या डोळ्याचे! आणि त्या वेळी मैदानावर शिक्षा कुणाला? दोन्ही कॅप्टनना लाल कार्ड. गॉलवेच्या कॅप्टनचं पुढं रद्द झालं, तो सेमीफायनल खेळला.

ही रद्द होण्याची गंमत मला अजून पचलेली नाही. पहिली समिती शिक्षा सुचवणार, दुसरी सुनावणी घेणार, तिसरी अपील ऐकणार, आणि त्यावर लवाद. २०१५ ला डब्लिनच्या डायरमुड कॉनलीला सेमीफायनलमध्ये लाल कार्ड मिळालं. लवादाची सुनावणी रात्री उशिरापर्यंत चालली, मध्यरात्रीनंतर निकाल लागला आणि त्याच दिवशी रीप्लेला तो हजर. दाद मागायचा हक्क माणसाला हवा, हे मान्य. नाहीतर उद्या निरपराध पोरगं अडकेल. पण प्रत्येक क्लबात एक वकील आणि कागदातली चूक शोधायची स्पर्धा, याला न्याय कुणी म्हणू नये.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असतो रेफ्रीचा रिपोर्ट. त्यात लिहिलं तर पुढं काही होणार. नाही लिहिलं, तर घडलंच नाही. आज त्या सतरा वर्षांच्या पोरानं जो रिपोर्ट लिहिला असेल त्यात एक जागा रिकामी आहे, आणि ती माझ्यामुळं.

मॅचनंतर गाडीत पोरगा गप्प होता. क्लबहाउसपासून रस्त्याला लागेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाला, "बाबा, तुला दिसलं ना?" इंग्रजीत विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. मराठीत विचारलं त्यानं, त्याच्या त्या आयरिश हेल काढलेल्या मराठीत. मी रेडिओ लावला.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापूरचा माणूस आणि मारामारीवर प्रवचन देतोय. बरोबर आहे. शाहू स्टेडियमवर काय काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. बाटल्या बघितल्यात, दगड बघितलेत, मॅच बंद पडताना बघितल्यात. आमच्या पेठेचा संघ हरला की रात्री गल्लीत जेवण जायचं नाही. पण आबांचा एक नियम होता. दंगा सुरू झाला की माझा हात धरून बाहेर. आपला संघ जिंकत असला तरी बाहेर. एकदा दोन मिनिटं राहिली होती, मी रडून गोंधळ घातला, तरी नाही थांबले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाले, "पेठ आपली आहे म्हणून तिची घाण आपली होत नाही." मी आज गाडीत रेडिओ लावला.

बरं, काही सुधारलंय का? सुधारलंय, खोटं कशाला बोलू. २०२५ पासून नवे नियम आलेत, डब्लिनचा माजी कोच जिम गॅव्हिन याच्या समितीनं आणलेले. रेफ्रीशी हुज्जत घातली की फ्री किक पन्नास मीटर पुढं. फाउल झाल्यावर बॉल सरळ दिला नाही, तरी पन्नास मीटर. रेफ्रीशी बोलायचं तर फक्त कॅप्टननं. आणि जी माणसं वर्षानुवर्षं रेफ्रीच्या तोंडावर ओरडत होती ती एका सीझनमध्ये बॉल अलगद हातात द्यायला लागली! जिंकायला नडतंय म्हटल्यावर बरोबर शिस्त आली. म्हणजे जमत होतं आधीही. २०१४ मध्ये काळं कार्ड आणलं, मुद्दाम केलेल्या फाउलसाठी, आता त्याला दहा मिनिटं बाहेर बसावं लागतं. तेही कामाचं आहे. पण हे सगळं खेळणाऱ्यांसाठी. साइडलाइनवरच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला पन्नास मीटर मागं कोण नेणार? २०२२ मध्येच रॉसकॉमन काउंटीत पोरांच्या मॅचमध्ये रेफ्रीला मारलं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. काउंटी बोर्डानं त्या वीकएंडच्या मॅचेस रद्द केल्या, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आज सकाळी त्या सतरा वर्षांच्या पोराभोवती वीस माणसं होती. वीस! मोजली मी. मोजायला डोळे होते माझे.

आणि आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

तो माणूस मला नावानं माहीत आहे. नुसतं नावानं नाही. माझी शिफ्ट असायची तेव्हा तीन वर्षं माझ्या पोराला सरावाला त्यानं नेलं आणि आणलं, पेट्रोलचा एक युरो घेतला नाही. या गावात पोराचं नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं ते त्यानं. घरी येऊन मला चार-पाच वेळा म्हणून दाखवायला लावलं आणि गाडीत बसून पाठ केलं. लॉकडाऊनमध्ये आबा गेले. मला जाता आलं नाही, पंचगंगेचा घाट मी मोबाइलवर बघितला. त्या संध्याकाळी हाच माणूस दाराबाहेर पावसात उभा होता, सूपचं पातेलं आणि ब्राउन ब्रेड पायरीवर ठेवून, दोन मीटर मागं सरकून. पंधरा मिनिटं भिजत उभा राहिला. काही बोलला नाही. बोलायला होतंही काय.

त्या माणसाचं नाव मी त्या रेफ्री पोराला कसं सांगणार होतो?

हे लिहिताना सकाळचा राग थोडा उतरलाय, कारण तो वाईट माणूस नाही हे मला ठाऊक आहे. त्यानं आयुष्याची वीस वर्षं या क्लबच्या पोरांना दिलीत. पावसात कोन लावलेत, जर्स्या धुतल्यात. १८८४ मध्ये थर्ल्स गावच्या हॉटेलात गेलिक खेळांची ही संघटना निघाली ती अशाच माणसांच्या जिवावर आजवर चाललीय. पण मग मला ते लाल केसांचं पोर दिसतं. सगळं शांत झाल्यावर ते चिखलात वाकून गमशिल्ड शोधत होतं. माझ्या पायाशीच होता. मी उचलून दिला. त्यानं तो चड्डीला पुसला, दातांचे ठसे चिखलानं भरलेले, तोंडात घालावासा वाटेना म्हणून मोज्यात खोचला. आणि मला "थँक्यू" म्हणालं. मला! रेफ्रीला उत्तर देऊन मिनिट झालं नव्हतं, त्यानं ऐकलंही असेल.

त्या पोराच्या घरीही आज कुणीतरी जेवायला बसलं असेल. त्याला कुणी विचारलं असेल, अंपायर कुठं होता?

तर, मी मेल लिहिलाय. क्लबच्या सेक्रेटरीला, प्रत काउंटी बोर्डाला. काय बघितलं ते, कुठं उभा होतो ते, आणि रेफ्रीला खोटं सांगितलं तेही. त्या रेफ्रीची माफी मागितलीय. उद्या ग्रुपवर मला काय म्हणतील ते म्हणोत. "बाहेरचा तो बाहेरचाच" असंही कुणी म्हणेल. ते लागेल मला, नाही लागणार असं नाही.

पाठवायच्या आधी त्या माणसाला फोन केला. दोनदा. उचलला नाही. मग मेसेज टाकला की मी जे बघितलं ते लिहून पाठवतोय, आधी तुला सांगावं म्हणून. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

सव्वानऊला मेल पाठवला. मंगळवारी सराव आहे, पोराला न्यायचं मीच.

वरच्या खोलीत अजून दिवा चालू दिसतोय. जाऊन सांगतो त्याला.