‘चैन’ या शब्दाबद्दल

वाचक महोदय,

तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून असंच संबोधते. मागच्या आठवड्यात मी आमच्या संध्याकाळच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बाजूचा डोंगरपट्टा, ऊसतोड मजुरांची मुलं, पाच ते सव्वासहा खो-खो आणि साडेसहा ते आठ अभ्यास. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात देते. लेख भावनिक आहे, आकडे कुठेच नाहीत. ज्या पोराला भागाकार येत नाही त्याला रोज तासभर पळवणं ही त्याच्या वेळेची उधळपट्टी आहे. खेळ ही चैन आहे, ती पोट भरलेल्यांनी करावी. ‘तुमच्यासारख्या हौशी मंडळींमुळे’ जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हात झटकायला बरं पडतं. आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकताना पालकांची परवानगी घेतली होती का?

फोटोचं आधी सांगते. तुमचं बरोबर आहे. काहींना तोंडी विचारलं होतं, लेखी कुणालाच नाही. फोटो काढून टाकलेत.

आता ‘हौशी मंडळी’. महोदय, माझे आई-वडील कोयता होते. मजूर नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तिसरीची आणि चौथीची दिवाळीनंतरची शाळा मी पाहिलेली नाही. सांगलीच्या बाजूला उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मी धाकट्या भावाला सांभाळत बसायचे. आई अंधारातच उठून जायची. दिवसभर त्याला साखरपाणी पाजायचं, रडला की कडेवर घेऊन फडापर्यंत जायचं, तिनं मोळी टाकून त्याला पाजलं की परत यायचं. गावी परतलो तेव्हा वर्ग कुठल्या कुठे गेला होता आणि मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. बोर्डावर काय चाललंय ते विचारायचीही लाज वाटायची.

पाचवीत शाळेच्या खो-खोच्या संघात माझं नाव लागलं. त्या वर्षी मुकादमाची गाडी दारात आली तेव्हा वडील आजीला म्हणाले, ‘पोरगी राहू दे, तिच्या म्याची हायत.’ तेवढं एकच वाक्य. गणितासाठी मला कुणी मागं ठेवलं नव्हतं, मॅचसाठी ठेवलं. आणि मागं राहिले म्हणून गणित आलं. आज मी गावातल्या पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर लोकांचे हप्ते आणि व्याज लिहिते. तुम्ही मला हौशी म्हणता तेव्हा निदान एवढं विचारून म्हणायला हवं होतं. हे लिहिताना माझा आवाज चढला असेल तर चढू दे. दोन दिवस तो शब्द डोक्यातून गेलेला नाही.

‘चैन’ म्हणजे काय हेही सांगा ना. खो-खोला लागतात दोन खांब आणि फक्कीनं आखलेलं मैदान. बॅट नाही, बूट नाही. आमची निम्मी मुलं अनवाणी पळतात. सूर मारताना गुडघे फुटतात, तर हळद लावून पुन्हा आपल्या जागेवर बसतात. आठ जण बसलेले, एक पळणारा, आणि पाठीत ‘खो’ पडेपर्यंत उठायचं नाही. वर्गात पाच मिनिटं बूड न टेकणारं पोर तिथं श्वास रोखून बसतं. ते बघायला एक दिवस या.

भागाकार येत नाही त्याला पळवता, असं तुम्ही म्हणता. तर ऐका. सहावीतला एक मुलगा. हातचा घेऊन वजाबाकी यायची, पण मिनिट-सेकंद म्हटलं की पाटी पुसून टाकायचा. आम्ही वहीत प्रत्येकाचं संरक्षण, म्हणजे बाद न होता किती वेळ पळाला ते, लिहितो, 2.40 मि., 1.55 मि., असं, जसं पेपरात छापतात तसं. एका गुरुवारी त्यानं 2.40 काढले, आधीचा आकडा 1.55 होता. त्यानं वजाबाकी केली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, ‘पंच्याऐंशी सेकंद जास्त पळालो!’ पोरं हसली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘येड्या, मिनिट साठाचं असतंय, शंभराचं नाही.’ तो हटेना. मी मध्ये पडले नाही. तिनं घड्याळ त्याच्या हातात दिलं आणि 1.55 पासून पुढं मोजायला लावलं. पाच सेकंदांवर दोन मिनिटं झाली, मग आणखी चाळीस. पंचेचाळीस. त्याचं तोंड उतरलं, कारण चाळीस सेकंद हातचे गेले होते. पण त्या रात्री अभ्यासाला बसल्यावर त्यानं आपणहून वेळेची पाच उदाहरणं सोडवली. पाचही बरोबर. हे मी त्याला फळ्यावर तीनदा शिकवलं होतं. तिन्ही वेळा वाया.

आणि मुलींचं तर तुम्ही एका शब्दानंही विचारलेलं नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की घरं ओस पडतात आणि गाळप संपेपर्यंत म्हातारी माणसं आणि शेळ्या मागं राहतात. तेरा-चौदाची पोर आजीकडे एकटी ठेवायची म्हणजे आई-बापाच्या जिवाला घोर. मग एक तर तिला फडावर न्यायचं, नाहीतर उजवून टाकायचं. गेल्या वर्षी एका मुलीचं बोचकं गाडीत चढलेलं मी उतरवून घेतलंय. तिची जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. बाप ऐकत नव्हता, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी मी म्हटलं, रात्री ती माझ्या घरी झोपेल. बापानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोचकं खाली ठेवलं. आत एक गोधडी, एक पातेलं आणि शाळेचा ड्रेस होता. ती आता नववीत आहे. जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरली.

मोठी नावं मी मूळ लेखात मुद्दाम घेतली नव्हती, पण तुम्हाला हवीच असतील तर घ्या. आमच्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे याच खेळावर 2020 साली अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा जिंकलेल्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायाशी फुटबॉल दिला. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण आमची पोरं तिथवर जावीत म्हणून मी मैदान आखत नाही. ती दिवाळीनंतर गावात राहावीत म्हणून आखते.

आकड्यांचं म्हणाल, तर तीस-बत्तीस मुलांचे टक्के काढून काय सिद्ध होणार आहे? हजेरीची वही माझ्याकडे आहे, येऊन बघा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबद्दल मी बोलणार नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणाऱ्या माणसाला हात झटकणारा म्हणण्याआधी तुम्ही त्या शाळेत एक दिवस काढा.

कडक लिहिलं असेल. पण ‘पोट भरलेल्यांनी खेळावं’ हे वाक्य माझ्या आठवीच्या पोरींनी माझ्या मोबाईलवर वाचलंय. एकीनं विचारलं, ‘ताई, ह्यो कोण हाय?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही तुमचं नाव लिहा, म्हणजे मी तिला सांगेन.

फक्की संपलीय, दुकान सातला बंद होतं. निघते.