काळी गाडी, पांढरं पाणी

मराठवाड्यात गाडी धुळीनं घाण होत नाही, धुतल्यानं होते. धुळीचं काही वाटत नाही. ती सगळ्यांच्याच गाडीवर असते, कलेक्टरांच्यासुद्धा. शिवाय मागच्या काचेवर बोटानं नाव लिहायला पोरांना तिचा उपयोग होतो. खरा त्रास सुरू होतो तो गाडी बोअरच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन उन्हात उभी केल्यावर. अर्ध्या तासात बोनेट, टप, काचा, आरसे, सगळीकडे पांढरे ठिपके. ओलं फडकं फिरवलं की दिसेनासे होतात. वाळलं की पुन्हा हजर.

गाडी पांढरी असती तर हे प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं. लातुरात औसा रोडला पाच मिनिटं उभं राहा, पांढऱ्या गाड्याच गाड्या. पांढरा रंग पुढाऱ्यांमुळं चालतो असं लोक म्हणतात. माझं मत, बोअरमुळं. आमची मात्र काळी. रंग चिरंजीवांनी ठरवला. "बाबा, काळ्याला एक लुक असतो." आहे ना. फाटकाबाहेरून बघितलं तर आहे. जवळ आलं की एकेक ठिपका सुटा मोजता येतो, मधे फिका आणि कडेला दाट, चहाच्या कपाखाली टेबलावर उमटतो तसा. लुक ठरवणारे चिरंजीव पुण्याला शिकायला गेले आणि ठिपके माझ्या वाट्याला आले.

आमच्या घरी पाण्याची उतरंड आहे. सगळ्यात वर जारचं पाणी. ते पिण्याचं, आणि तुरीच्या डाळीचं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुकर शिट्ट्या मारून दमतो आणि डाळ दाणा दाणा राहते. त्याखाली नळाचं पाणी. ते येतं तेव्हा घरात सण असतो. पिंप, हंडे, कळश्या, पातेली, सगळं भरून ठेवायचं. त्याखाली टँकरचं, मग बोअरचं. बोअरच्या पाण्यानं अंघोळ केली तर साबणाला फेस येत नाही, आणि आला की तो अंगावरून जात नाही. गीझरच्या कॉईलवर पापुद्रे, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी सरळ, निम्म्यांतून शेजारच्या भिंतीवर. या उतरंडीच्या अगदी तळाला आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं, मशीननं नाकारलेलं पाणी. ते बायको निगुतीनं बादलीत साठवते, कारण पाणी वाया घालवायचं नाही. आणि ते कशासाठी वापरायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. गाडीसाठी.

लातूरच्या कुठल्याही कॉलनीत दगड भिरकावला तर तो एक तर क्लासच्या मुलाला लागतो, नाही तर क्लास घेणाऱ्या सरांना. आमच्या भिंतीपलीकडं केमिस्ट्रीचे सर राहतात. मुलं नीटला बसवतात. सरांचा तोटा एवढाच की त्यांना साधा प्रश्न विचारता येत नाही.

"सर, हे डाग कशानं जातील?"

"आधी ते आले कसे, ते सांगा."

मी गप्प. अंगणात उभा असलो तरी मी आता पहिल्या बाकावर होतो.

"पावसाचं पाणी," सर सुरू झाले, "हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतं. म्हणजे किंचित आम्ल झालं. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे, खाली बेसाल्ट. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेत घेत ते पाणी खोल जातं. तेच तुम्ही मोटार लावून वर आणता. बायकार्बोनेट विरघळलेलं आहे तोवर पाणी नितळ. थेंब तापला की कार्बन डायऑक्साइड गेला, पाणी गेलं. राहिलं काय?"

"डाग."

"कॅल्शियम कार्बोनेट!" सर एवढ्या जोरात म्हणाले की वरच्या मजल्यावरच्या पोरांनी ते वहीत लिहून घेतलं असणार.

मग हिशेब झाला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. 'दुसरा स्रोत नसेल तर' हे कलम आमच्या कॉलनीत येऊन लिहिल्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "600 धरा. 15 लिटरची बादली. किती झाले?" मी मोबाईल काढेपर्यंत त्यांनीच सांगितलं, "9 ग्रॅम. एका बादलीत 9 ग्रॅम चुनखडी. सगळी चिकटत नाही, बरीचशी वाहून जाते. पण जो थेंब जागेवर वाळतो, तो आपला हिस्सा ठेवून जातो."

म्हणजे इतके दिवस मी गाडी धुतो असं जे कॉलनीला वाटत होतं, ते खरं तर मी तिला चुना लावत होतो.

सरांकडं पेनाएवढं टीडीएस मीटर आहे. पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार ते एकत्र मोजतं, नुसता जडपणा नाही, पण अंदाज येतो. त्यांनी ते बोअरच्या पाण्यात बुडवलं, आकडा बघून मान डोलावली. मग बायकोच्या आरओच्या बादलीत बुडवलं आणि चष्मा वर केला. आरओ पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढतं ते या बादलीत ढकलतं, हे मलाही माहीत होतं. पण आकडा समोर दिसणं वेगळं. "ह्यानं गाडी धुता? त्यापेक्षा बोनेटवर रांगोळी काढा. निदान पुसता येईल."

बायको दारातून म्हणाली, "मग जारच्या पाण्यानं धुऊ का? माणसं पितात ते."

तिचं बरोबर आहे. याच शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हा हंडा घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं अजून याच गल्लीत राहतात. त्यांच्या देखत चांगल्या पाण्यानं पाइप लावून गाडी धुवायची हिंमत लातूरच्या माणसात नाही, आणि ज्याच्यात आहे त्याच्याशी सोयरीक करू नये. म्हणजे चांगलं पाणी लाजेपायी वापरता येत नाही आणि वाईट पाणी डागांपायी.

बरं, न धुतल्यानं सुटका होते म्हणावं तर तेही नाही. सकाळी अंगणात सडा पडतो. सडा टाकणारीचा हात सढळ असतो आणि गाडीच्या दारांचा खालचा भाग अंगणातच मोडतो. उन्हाळ्यात खिडकीला कूलर. दिवसभर तेच पाणी जाळीवरून फिरतं, उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून मे महिन्यात कूलरचं पाणी बोअरपेक्षाही दाट. आणि त्याची गळती बरोबर मागच्या काचेवर. राहता राहिली शेजाऱ्यांची टाकी. मोटार लावून ते सीरियल बघायला बसतात आणि टाकी भरल्याची पहिली बातमी आमच्या टपाला कळते.

वॉशिंग सेंटरला नेऊन बघितली. फेस छान करतात, गाडी लोण्यात बुडवल्यागत दिसते. पण पाणी त्यांच्याही बोअरचंच, आणि धुऊन झाल्यावर पोरगा गाडी भर दुपारी उघड्यावर लावतो. म्हटलं, पूस की लगेच. "मामा, पुसायचं कामून? लई कडक ऊन हाय, दोन मिनिटांत वाळंल." वाळलीच. काळ्या बोनेटवर त्या वेळी हात टेकवत नव्हता. जेवढ्या लवकर वाळलं, तेवढा ठिपका घट्ट.

उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. ऑफिसातल्या एकानं खाण्याचा सोडा सुचवला. सर म्हणाले, चुनखडीवर सोडा टाकून काय होणार, आम्ल पाहिजे. गॅरेजच्या मिस्त्रीनं लगेच आम्ल सांगितलं: "संडासचं ॲसिड मारा, एका मिनिटात." सर हे ऐकून खाली बसले. हायड्रोक्लोरिक आम्ल डाग खाईल, सोबत क्रोमची पट्टी, चाकांचं ॲल्युमिनियम आणि तुमच्या हाताचं कातडंही खाईल. आम्ल सौम्य पाहिजे. पांढरं व्हिनेगर, त्यात तेवढंच पाणी.

किराणा दुकानात व्हिनेगरच्या बाटल्या उचलायला लागलो तर दुकानदारानं वर बघितलं. "साहेब, रिटायर व्हायच्या आधीच चायनीजची गाडी टाकली का काय?"

"गाडीसाठीच नेतोय."

"तेच म्हणलं."

व्हिनेगरनं काम होतं, हे मान्य केलं पाहिजे. पहाटे, गाडी गार असताना, सावलीत. मऊ कापड भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग चांगल्या पाण्यानं काढून लगेच कोरडं पुसायचं. ताजे डाग निमूट जातात. त्यासोबत रंगावरचं वॅक्सही जातं, म्हणून नंतर ते पुन्हा लावावं लागतं. आणि पूर्ण गाडीला लोणच्याचा वास येतो. पहिल्या दिवशी मी ऑफिसला उतरलो तर शिपायानं विचारलं, डबा सांडला का.

जुने डाग मात्र दाद देत नाहीत. डिटेलिंगवाल्या मुलानं नख फिरवायला सांगितलं. नखाला वर काही लागलं तर तो थर, तो निघतो. खड्डा लागला तर डाग आत उतरला. म्हणजे पॉलिश. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो माणसाच्या केसाएवढाही जाड नसतो, आणि पॉलिश म्हणजे त्यातलंच थोडं घासून काढणं. दर उन्हाळ्याला घासलं तर गाडी चकचकीत होत होत संपेल. मग त्यानं सिरॅमिक कोटिंग दाखवलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं, बघत राहावं असं. भाव लातूरच्या क्लासच्या फीच्या जवळपास जाणारा. मी विचारलं, घरंगळलं नाही आणि तिथंच वाळलं तर? तो प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, "तर डाग पडतो सर. पण सुटतो लवकर."

काचेचं दुखणं सगळ्यात वाईट, कारण ते दिवसा दिसत नाही. रात्री नांदेडकडून येताना समोरून उसाची ट्रॉली आली की तिचे दिवे पुढच्या काचेवरच्या एकेका ठिपक्यात शिरतात आणि रस्ता सोडून सगळं दिसतं. वायपर फिरवावा तर काच कोरडी, त्यावर धूळ. डागाच्या जोडीला कमानदार ओरखडे. काचेचे हट्टी डाग काचवाले सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून, नमद्याच्या चाकानं घासून काढतात. संथ काम आहे. घाई केली तर काच तापते, लाटा उमटतात, आणि मग ट्रॉली एकाची दोन दिसते.

शेवटी प्रश्न पाण्याशीच येऊन थांबला. गाडीला शेवटचा हात फिरवायला क्षार नसलेलं पाणी हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी तसं असतं, पण त्यानं गाडी धुणारा माणूस लग्नाच्या पंगतीत चर्चेचा विषय होईल. पावसाचं पाणी उत्तम. गच्चीवरची पहिली सर वाहू द्यायची, नंतरचं पिंपात धरायचं. पण तो येईल तेव्हा. सरांनी आणखी एक सुचवलं, एसीच्या नळीचं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, जवळजवळ डिस्टिल्ड. आमच्या ऑफिसच्या मागं सलग एसी आहेत. मी कॅन घेऊन तिथं उभा राहिलो. मे महिन्यात लातूरची हवा एवढी कोरडी की एसी दिवसभर घरघरून मगभर पाणी देतो. ऑगस्टमध्ये बादली भरते, तेव्हा वरूनच फुकट पडत असतं. शिवाय साहेबांनी खिडकीतून बघितलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शिपायानं नळीखाली आपली बादली ठेवली आणि तिच्यावर 'कार्यालयीन' असं रंगवलं.

या सगळ्या काळात घरातल्या एका व्यक्तीला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणजे आई. मी व्हिनेगरचं फडकं घेऊन ओणवा असताना ती काठी टेकत बाहेर आली.

"काय करायलास रे?"

सांगितलं.

"तांब्याचा हंडा कशानं घासतात?"

"चिंचेनं."

"मग?"

मी म्हटलं, आई, ही गाडी आहे, हंडा नाही. चिंचेत चोथा असतो, रंगाला चरे पडतील. ती काही न बोलता आत गेली. संध्याकाळी घरी आलो तर डाव्या बाजूचा आरसा लख्ख. इतका की मला माझे पांढरे केस मोजता आले. बाकीची गाडी ठिपक्यांची, आणि एक आरसा शोरूममधला. तिनं चिंचेचं पाणी गाळून, जुन्या धोतराच्या फडक्यानं लावलं होतं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, टार्टारिक आम्ल, बरोबरच आहे, आणि आईंना वाकून नमस्कार केला. तेव्हापासून तिचा उत्साह वाढलाय. उजवा आरसा झाला, दिवे झाले. टपाला हात पुरत नाही म्हणते, बोनेटला पुरतो.

रंगावर नको, असं मी हात जोडून सांगितलंय. तिनं बरं म्हटलंय. काल स्वयंपाकघरात चांगला मोठा गोळा भिजत घातलेला दिसला. आमटीसाठी असेल म्हणून निर्धास्त राहिलो. जेवायला बसलो, तर आमटीत टोमॅटो.