"जोकरच तर होता" म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे. वेळ असेल त्यांनीच वाचा.

काल रात्री मुलीने जॉन कँडीवरची डॉक्युमेंटरी लावली. प्राइमवर आहे, 'जॉन कँडी : आय लाइक मी'. नावावरून पटकन आठवणार नाही, पण 'होम अलोन'मध्ये त्या अडकलेल्या आईला आपल्या गाडीतून घरी सोडणारा जाडजूड पोल्का बँडवाला आठवतो ना? तोच. कॅनडाचा माणूस. १९९४ च्या मार्चमध्ये मेक्सिकोत शूटिंगला गेला होता, तिथे झोपेतच हृदयविकाराने गेला. वय फक्त ४३. त्याचे वडीलही असेच हृदयविकाराने तरुणपणी गेलेले, तेव्हा हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

डॉक्युमेंटरी केलीय कॉलिन हँक्सने, म्हणजे टॉम हँक्सच्या मुलाने. जवळजवळ दोन तास माणसं फक्त त्याच्याबद्दल बोलत राहतात. बायको, मुलं, जुने मित्र, बरोबर काम केलेले नट. बिल मरे तर म्हणतो की याच्याबद्दल काहीतरी वाईट सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण सापडतच नाही. आणि एवढी सगळी मोठमोठी माणसं वेळ काढून, नीट बसून, आठवून आठवून बोलतात. घाईघाईत बाइट देऊन निघून जात नाहीत. त्याला जाऊन तीस वर्षं झाली तरी बोलताना गळा भरून येतो त्यांचा. मी आणि मुलगी, दोघीही रडलो. ती तर जॉन कँडी गेला तेव्हा जन्मलीही नव्हती.

सकाळी चहा घेताना घरच्या ग्रुपवर सहज लिहिलं, "असं काहीतरी आपल्या लक्ष्यावर व्हायला पाहिजे." लक्ष्या म्हणजे आपला लक्ष्मीकांत बेर्डे.

त्यावर माझ्या चुलतभावाचं उत्तर. "त्याच्यावर काय करायची डॉक्युमेंटरी? जोकरच तर होता. चार माकडचेष्टा." आणि खाली हसण्याचं स्टिकर. स्टिकरवर चेहरा कुणाचा? लक्ष्याचा!

म्हणजे हसायला चेहरा त्याचाच लागतो, आणि माणूस मात्र जोकर.

आता ज्या रात्रीची गोष्ट मला सांगायची आहे, त्या रात्री हा भाऊ माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता, म्हणून जास्त लागलं.

आम्ही तेव्हा नाशिकच्या सिडकोत राहायचो, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे. माझा सगळ्यात धाकटा काका, बाबूकाका, सातपूरला कंपनीत होता. सेकंड शिफ्ट करून येताना अंबड लिंक रोडवर त्याचा अपघात झाला आणि तो गेला. लग्न ठरत आलं होतं त्याचं. आजी निफाडकडची, मळ्यातलं घर सोडून कधी कुठे न राहिलेली. पप्पा तिला आमच्याकडे घेऊन आले. ती आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. बोलणं बंद. आई सांगते, त्या दिवसांत आमच्या घरात रेडिओसुद्धा लागत नव्हता.

गणपतीत मंडळाने व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणला. सिनेमा होता 'अशी ही बनवाबनवी'. अख्खी गल्ली रस्त्यावर. आजीला घरात एकटी कसं सोडायचं म्हणून पप्पा तिला हाताला धरून घेऊन आले आणि खुर्चीवर बसवलं. तिचं लक्ष नव्हतंच. आणि मग ते डोहाळेजेवण आलं. पार्वती झालेला लक्ष्या, हिरवी साडी, ते लाजणं, ते पोट सांभाळत नाचणं. आणि आजी हसली. आधी खांदे हलले, मग आवाज आला. पप्पा सिनेमा सोडून तिच्याकडेच बघत उभे होते.

हे माकडचेष्टांनी होतं? करून दाखवावं कुणीतरी.

तो प्रसंग आज पुन्हा बघा. साडी नेसलेला पुरुष म्हणजे बाईची टिंगल करायची, असं कितीतरी नटांनी केलंय. लक्ष्या टिंगल करत नाही. तो परश्या आहे, पार्वती व्हावं लागल्यामुळे मनातून घाबरलेला आहे, आणि तरी समोर बायका प्रेमाने ओटी भरायला आल्यावर त्याला त्याचा मोहही पडतोय, हे सगळं त्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतं. अशोकमामांच्या, म्हणजे अशोक सराफांच्या, संवादावर आपण हसतो, ते अर्धं हसू शेजारी उभ्या असलेल्या लक्ष्याच्या चेहऱ्याचं असतं. तो ऐकायचा. समोरच्याचं वाक्य पहिल्यांदाच कानावर पडतंय असं ऐकायचा. 'झपाटलेला'मध्ये समोर कोण? रामदास पाध्यांचा बाहुला. त्या बाहुल्याला बघून त्याला जो घाम फुटतो, त्यामुळे आपण तात्या विंचूला घाबरलो. बाहुल्यात जीव मंत्राने नाही आला, लक्ष्याच्या भीतीने आला. माझी पिढी पलंगाखाली हात घालायला घाबरायची त्याच्यामुळे.

आणि हा माणूस आला कुठून, तर गिरगावातल्या गणेशोत्सवातल्या नाटकांतून. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत होता. रंगमंच झाडणाऱ्यापासून ते मोठ्या नटापर्यंत सगळ्यांना जवळून बघत शिकला. मग 'टूरटूर' हे नाटक, मग १९८५ ला 'धूमधडाका' सिनेमा, आणि पुढची दहा वर्षं मराठी सिनेमाचं थिएटर ज्यांनी भरतं ठेवलं त्यात हा पुढे. जॉन कँडी ३१ ऑक्टोबरचा, लक्ष्या २६ ऑक्टोबरचा. चार वर्षांचं अंतर. तो ४३ व्या वर्षी गेला, हा ५० व्या. काल रात्री हे जुळवून बघितलं आणि झोप लागली नाही.

बरं, मान्य, नंतर नंतरचे बरेच सिनेमे बघवत नाहीत आणि त्यातले काही विनोद आज मुलीसमोर लावायला नको वाटतात. पण दिवसरात्र शूटिंग, वर नाटकाचे प्रयोग, आणि प्रत्येक निर्मात्याला तोच तो लक्ष्या हवा. वेगळं मागितलं कुणी?

मागितलं, एकदा. १९९२ ला 'एक होता विदूषक'. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा पु. लं.ची, गाणी महानोरांची. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आबूराव सोंगाड्याचं काम लक्ष्याने जे केलंय ते बघितलं नसेल तर आज बघा, पोस्ट नंतर वाचा. आणि आपण काय केलं? थिएटरात गेलो नाही. आमच्याच ओळखीतले लोक बघून आले आणि म्हणाले, "लक्ष्या रडतो काय त्यात, पैसे फुकट गेले." त्याला रडायचीही परवानगी नव्हती आपली. परत हसवायला पाठवून दिलं. हिंदीवाल्यांनी तर हिरोचा नोकर नाहीतर हिरोचा मित्र, एवढीच जागा ठेवली होती त्याच्यासाठी. 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू भारतभर लोकांच्या लक्षात राहिला, ती ताकद लक्ष्याची.

डॉक्युमेंटरीत एक भाग आहे, तो बघताना माझ्या मुठी आवळल्या होत्या. जुन्या मुलाखती दाखवल्यात. मुलाखत घेणारे त्याला तोंडावर त्याच्या वजनाबद्दल विचारतात. हसत हसत. तोही हसतो, पण डोळे बघा. एका क्षणासाठी चेहरा पडतो, आणि लगेच सावरून घेतो, कारण समोरच्याला वाईट वाटू नये. विनोदी माणसाला सगळं चालतं हे गृहीतच धरलेलं असतं. आपल्याकडे वेगळं आहे का? कुठल्याही सत्काराला, कुणाच्याही लग्नाला विनोदी नट आला की माइक हातात देऊन, "जरा हसवा ना आम्हाला." गायकाला निदान तबलापेटी आहे का बघून मग गा म्हणतात. डॉक्टरला लग्नात कुणी ऑपरेशन करायला सांगत नाही.

परत आजीवर येते, कारण ती गोष्ट तिथे संपली नव्हती.

ती हसली, आणि लगेच तोंडाला पदर लावला. पोरगा जाऊन वर्ष नाही झालं आणि आपण हसलो, याची लाज. उठून घरी जायला निघाली. आई मागे गेली. स्वयंपाकघरात आजी मोठमोठ्याने रडत होती, काका गेल्यापासून पहिल्यांदा. त्या आधी ती रडलीच नव्हती, हे आईला तेव्हा लक्षात आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा कामावर निघाले तर दारात येऊन म्हणाली, "तो पोरगा परत कधी लावत्याल?"

कित्येक महिन्यांनी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. पप्पांनी त्याच दिवशी व्हिडिओ लायब्ररीत नाव घातलं.

मी मानसशास्त्र शिकलेले नाही. पण त्या रात्री आमच्या गल्लीत एका माणसाने, जो तिथे नव्हताच, माझ्या आजीला परत आणलं. एवढं मला माहीत आहे आणि त्याला पुरावा लागत नाही. तुमच्याही घरात असं कुणीतरी असणारच. आजारपणात, परीक्षेत नापास झाल्यावर, भावकीच्या भांडणात, कधीतरी टीव्हीवर लक्ष्या लागला असणार.

१६ डिसेंबर २००४. तेव्हा आजी बरीच थकली होती. टीव्हीवर बातमी आली. तिने दोनदा विचारलं, "कोण? आपला तो?" आणि मग उठली आणि डोक्यावरून आंघोळ करून आली. घरातलं माणूस गेल्यावर करतात तशी. आई म्हणाली, "आत्या, थंडी आहे, कशाला?" तर म्हणाली, "बाबूच्या वयाचा असंल गं." त्या दिवशी ती जेवली नाही.

आता मला सांगा, ज्याच्यासाठी निफाडच्या मळ्यातली एक म्हातारी डिसेंबरच्या थंडीत आंघोळ करते, त्याच्यावर दोन तासांची नीट डॉक्युमेंटरी करायला काय हरकत आहे? २६ ऑक्टोबरला आणि १६ डिसेंबरला फोटोला हार घातलेल्या पोस्ट फिरतात. त्याच त्या पाच क्लिप. 'बनवाबनवी'तल्या धनंजय मान्यांचे टी-शर्ट खपतात. रील बनतात. पण तो तालमीला कसा असायचा, संवाद कसा पाठ करायचा, पडलेल्या प्रयोगानंतर काय बोलायचा, लाइटवाल्याशी कसा वागायचा, हे कुणी बसून विचारलंय? आणि सांगणारे एकेक करून चाललेत. सिद्धार्थ रे त्याच वर्षी गेला. सुधीर जोशी गेले. 'बनवाबनवी'तल्या आमच्या लीलाबाई काळभोर, म्हणजे नयनतारा, गेल्या. विजय चव्हाण गेले. लक्ष्याचे भाऊ रवींद्र बेर्डे गेले. प्रत्येकाबरोबर किती आठवणी गेल्या असतील. अशोकमामा आहेत, सचिन, महेश कोठारे आहेत, ते बोलतात अधूनमधून, पण चॅनेलच्या कार्यक्रमात जाहिरातींच्या मध्ये मिळतात पाच मिनिटं.

पैसा नाही म्हणतात. हो, प्राइमइतका नाही. पण पुरस्कार सोहळ्याच्या नाचाला दरवर्षी असतो.

आणि नाशिककरांनी तर हे बोलूच नये. फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांनी १९१७ मध्ये, सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना धड माहीत नसताना, 'चित्रपट कसा तयार करतात' यावर स्वतः फिल्म केली. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की पडद्यावरच्या गोष्टीइतकीच ती करणाऱ्यांची गोष्टही जपली पाहिजे. त्यांच्या बहुतेक फिल्म आज पूर्ण मिळत नाहीत, तरी तेवढे तुकडे बघून अंगावर काटा येतो. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचं स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात. जायलाच पाहिजेत. पण पोरांना तिथे नेऊन दाखवायला आपल्या नटांबद्दल आपण काय जमवलंय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मुलगी म्हणतेय, मामाला एवढं बोलू नकोस. दादा, तू हे वाचशील. त्या रात्री तू माझ्यापेक्षा जास्त हसला होतास, हसून हसून उचकी लागली होती तुला आणि पप्पांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले होते. पुढे कित्येक वर्षं तू आजीसमोर पार्वतीची नक्कल करायचास आणि ती तुला चार आणे द्यायची. तुला ते आठवत नसेल असं मला वाटत नाही. ग्रुपवर लिहिताना सगळ्यांचं असं होतं, पटकन काहीतरी टाकून मोकळं व्हायचं. तुझ्यावर राग नाही माझा. पण जोकर हा शब्द तसा वापरू नकोस परत.

मुंबईतल्या मोठ्या लोकांनी करायचं ते करतील, नाही करतील. मला जमेल तेवढं मी करणार आहे. माझा भाचा लग्नाच्या शूटिंगचं काम करतो, त्याच्याकडे चांगला कॅमेरा आणि माइक आहे, त्याला सकाळीच फोन केला आणि तो हो म्हणालाय. नाशिकमध्ये जुन्या थिएटरांत डोअरकीपर, बुकिंग, प्रोजेक्टरवर काम केलेली माणसं अजून आहेत. नाटकं दौऱ्यावर आली की कालिदास नाट्यगृहात सामान उतरवणारे, लाइट लावणारे, नटांना डबे पोचवणारे आहेत. लक्ष्या असो, दुसरं कुणी असो, ज्यांनी या हसवणाऱ्या माणसांना जवळून बघितलंय त्यांना शांतपणे बसवून बोलतं करायचंय. संपूर्ण, न कापता.

तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत असं कुणी असेल तर मला मेसेज करा. नंबर इथे कमेंटमध्ये टाकू नका. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, कुठेही आम्ही येऊ. वय झालं असेल, ऐकायला कमी येत असेल, तरी चालेल. फक्त त्यांना सकाळी बरं वाटतं की संध्याकाळी, तेवढं आधी कळवा.